शर्यतीचं सामान, रस्त्याचं पासिंग

दार उघडत नाही, कारण उघडणारं दारच नाही. पुढचे दिवे म्हणजे दिव्यांची छापील चित्रं. वेगाचा काटा नाही, हॉर्न नाही, चावी नाही. अमेरिकेतल्या ‘नॅसकार’ शर्यतीतली स्टॉक कार अशी असते. चालक खिडकीतून आत शिरतो, खटाखट स्विच दाबतो आणि इंजिन गर्जायला लागतं.

आता या गाडीखालचं सामान काढा. तिचं इंजिन, मागचा ॲक्सल, ब्रेक, सस्पेन्शन. ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या देखण्या गाडीच्या पत्र्याखाली बसवा. दिवे, हॉर्न, आरसे लावा आणि नंबर प्लेट मिळवा. बाहेरून आजोबांच्या काळातली आणि आतून शर्यतीतली अशी गाडी बांधणारे हौशी कारागीर अमेरिकेत गावोगाव आहेत. या गाडीतली खरी मिजास वेगाची नसते. ती ट्रेलरवर न चढवता रस्त्यानं स्वतः चालवत घरी नेता येते, यात ती असते.

माहूरच्या वाचकाला हे का सांगायचं? कारण इथे गाडी म्हणजे घाट. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया ही तिन्ही ठिकाणं उंचावर आणि रस्ता सगळा वळणांचा. कोणत्या गाडीचं इंजिन चढावर दम टाकत नाही, कुणाचे ब्रेक उतारावर तापतात, हे इथल्या चालकांना पुस्तक न वाचता कळतं. शिवाय पैनगंगा ओलांडली की एमएच-२६ संपून यवतमाळचं एमएच-२९ सुरू होतं, त्यामुळे पासिंग हा विषयही इथे रोजच्या बोलण्यातला. त्यात इतिहासाची एक गंमत. १९५६ पर्यंत किनवट तालुका, आणि त्यातच माहूर, आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे इथल्या वयस्कर मंडळींच्या आठवणीतली पहिली मोटार हैदराबाद राज्याच्या पासिंगची.

पाट्यांपायी गेलेली पहिली शर्यत

अमेरिकेत दारूबंदी असताना आणि ती उठल्यावरही दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरून दारू गाळली जायची. ती शहरात पोहोचवायची म्हणजे रात्री, दिवे मालवून, पोलिसांच्या गाडीपेक्षा जोरात. १९३२ मध्ये फोर्डनं स्वस्तातलं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं आणि या चालकांना हवं ते मिळालं. बाहेरून साधी गाडी, आतून ताकदीची. यातलेच काही जण रविवारी मातीच्या गोल मैदानात आपसात पैजा लावू लागले. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचवरच्या एका हॉटेलात बिल फ्रान्स यांनी आयोजकांना एकत्र बसवलं आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी नॅसकारची रीतसर नोंदणी झाली.

या संस्थेची ‘जशी विकली तशीच पळवायची’ या नियमाची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट इथे झाली. मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या, एकूण १५० मैल. ग्लेन डनावे नावाचा चालक १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला आला, तोही तीन फेऱ्यांच्या अंतरानं. मग तपासणीसानं गाडीखाली वाकून पाहिलं. मागच्या पाट्यांमध्ये फेरफार केलेला होता. ती गाडी दारूची ने-आण करणारी होती. मागे भरपूर माल भरला तरी बूड खाली बसू नये आणि पोलिसांना संशय येऊ नये, म्हणून पाटे कडक केलेले. हेच पाटे खडबडीत वळणावर गाडीला जमिनीला धरून ठेवत होते. डनावे बाद झाला. कॅन्सासहून आलेला जिम रोपर त्याच्या लिंकन गाडीसह विजेता ठरला. फोर्डच्या मालकानं कोर्टात दावा ठोकला. तिथेही तो हरला.

नांदेड-किनवट भागात काळी-पिवळी जीप चालवलेल्या कुणालाही ही गोष्ट सांगा, तो पहिल्या वाक्यातच मान डोलावेल. सवारी जास्त बसते, बाजाराच्या दिवशी टपावर पोती चढतात, म्हणून मागे एक पाटा वाढवून घ्यायचा, हा आपल्याकडचा जुना इलाज. रिकामी गाडी मग खड्ड्यातून उधळते आणि भरली की सरळ बसते. शार्लटच्या त्या फोर्डचंही अगदी असंच होतं.

त्याच शर्यतीतली आणखी दोन माणसं लक्षात ठेवण्यासारखी. एक सारा ख्रिश्चन. पहिल्याच शर्यतीत उतरलेली ही स्त्री चौदावी आली. दुसरे ली पेटी. त्यांनी पळवायला ब्युइक उसनी आणली होती आणि ती ट्रॅकवर उलटवली. परत जाताना मालकाला काय सांगायचं, या विवंचनेत असलेल्या या माणसाचा अकरा वर्षांचा मुलगा रिचर्ड प्रेक्षकांत होता. पुढे त्यानं २०० शर्यती आणि सात अजिंक्यपदं जिंकली. शर्यतींची ही संख्या आजवर कुणाला ओलांडता आलेली नाही.

थोडक्यात, पण पक्कं

नॅसकारचं इंजिन साधारण ५.८६ लिटरचं. मारुती ८०० ची सात इंजिनं एकत्र केली तरी त्याची बरोबरी होत नाही.

दुरुस्तीसाठी आत येताना वेगमर्यादा पाळावी लागते, पण वेगाचा काटा नाही. चालक कोणत्या गिअरमध्ये इंजिनाचे किती फेरे म्हणजे किती वेग, हे पाठ करतात आणि फेऱ्यांच्या काट्यावर नजर ठेवतात.

जगभरच्या साध्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाल्यावरही नॅसकारमध्ये तो २०११ पर्यंत होता. २०१२ पासून फ्युएल इंजेक्शन आलं. आपल्याकडच्या जुन्या फिटरला २०११ ची ती शर्यतीची गाडी उघडून दिली असती, तर त्याला कार्ब्युरेटर ओळखीचाच वाटला असता.

पेट्रोलमध्ये १५ टक्के इथेनॉल घालायला नॅसकारनं २०११ मध्ये सुरुवात केली. आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं मिश्रण मिळतं.

चाकाला पाच नट असायचे. २०२२ पासून मधोमध एकच मोठा नट आहे. त्याच वर्षी चाकं १५ इंची लोखंडीऐवजी १८ इंची ॲल्युमिनियमची झाली.

डेटोनाचा ट्रॅक १९५९ मध्ये सुरू झाला. वळणावर तो ३१ अंशांनी कललेला आहे. आपला घाट वर चढतो, तो रस्ता आडवा कलतो. थांबलेल्या गाडीतून उतरून त्यावर नुसतं उभं राहणंही कठीण.

१९८७ मध्ये बिल इलियटनं टॅलाडेगा इथे ताशी २१२.८०९ मैलांची पात्रता फेरी मारली. म्हणजे ताशी सुमारे ३४२ किलोमीटर. पुढे वेगाला वेसण घालण्यासाठी इंजिनात जाणारी हवाच अडवायची पद्धत आली, त्यामुळे तो आकडा आजही तसाच उभा आहे.

शेतावरच्या पिकअपचं मागचं धूड

मला या सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. शर्यतीच्या या गाडीचं मागचं सस्पेन्शन कुठल्या प्रयोगशाळेत जन्मलेलं नाही. ते १९६० च्या दशकातल्या शेवरले पिकअपचं. अमेरिकन शेतकरी ज्यात चारा आणि खताची पोती वाहायचा ती गाडी. चेसीच्या मध्याजवळून निघणारे दोन लांब दांडे मागच्या ॲक्सलला जाऊन मिळतात. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तिरकी दांडी असते. बस्स, इतकंच. पण दांडे लांब असल्यानं खड्डा आला तरी चाकाचा कोन फार बदलत नाही आणि जोर एकदम लागला तरी मागचा भाग शांत राहतो. शर्यतीतल्या मिस्त्रींच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी ती रचना उचलली. २०२१ पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, ताशी ३०० किलोमीटरनं धावणाऱ्या गाड्यांच्या मागे पिकअपचीच युक्ती होती.

त्या दांड्यांना जोडलेला ॲक्सलही असाच सर्वसामान्य घरातला. फोर्डनं १९५७ पासून आपल्या गाड्यांना आणि पिकअपना बसवलेला ‘नाइन इंच’. आतल्या मोठ्या चक्राचा व्यास नऊ इंच, म्हणून हे नाव. याची खुबी अशी की दात्यांचा सगळा गोळा पुढच्या बाजूनं एकसंध बाहेर निघतो. एका ट्रॅकला वेगळा रेशो हवा, दुसऱ्याला वेगळा, तर गोळा बदला आणि गाडी सोडा. फोर्डचा हा ॲक्सल पुढे शेवरले, डॉज, टोयोटा अशा सगळ्यांच्याच शर्यतीच्या गाड्यांखाली आला. प्रतिस्पर्ध्याचं सामान घ्यायला कुणी लाजलं नाही.

हौशी कारागिरांचं फावतं ते इथेच. शर्यतीचे संघ सुटे भाग मोडायची वाट पाहत नाहीत. ठरावीक अंतर पळालं की बदलून टाकतात. काढलेला माल विकायला येतो. ट्रॅकसाठी म्हातारा झालेला ॲक्सल रस्त्यावर मात्र वर्षानुवर्षं चालतो. १९८७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बांधलेली ‘बिग रेड’ ही लाल कमॅरो या जातीतली सर्वांत गाजलेली गाडी. अंगावरचा पत्रा १९६९ च्या मॉडेलचा, आतला सांगाडा स्टॉक कारच्या धर्तीवर नळ्यांनी वेल्ड केलेला. खुल्या हमरस्त्यावर भरणाऱ्या शर्यतींत तिनं ताशी २०० मैलांपलीकडे मजल मारली आणि तिला रस्त्याची नंबर प्लेटही होती.

उलटा प्रवासही झालेला आहे. शर्यतीत पळवायची गाडी सामान्य गिऱ्हाइकालाही विकलेली असली पाहिजे, असा नियम होता. म्हणून १९७० मध्ये प्लिमथनं नाक टोकदार आणि मागे उंच पंख असलेली ‘सुपरबर्ड’ चक्क दुकानात ठेवली. १,९०० हून अधिक गाड्या बनल्या. लोकांना ते ध्यान बघून खरेदीचा धीर होईना. काही विक्रेत्यांनी नाक-पंख उतरवून साध्या करून त्या विकल्या. आज त्याच गाड्यांसाठी संग्राहक झुंबड करतात. आणि ती पळवली कुणी? उसनी ब्युइक उलटवणाऱ्या ली पेटींच्या मुलानं. रिचर्ड पेटी आदल्या वर्षी प्लिमथ सोडून फोर्डकडे गेला होता, तो या गाडीसाठी परत आला.

२०२३ मध्ये तर नॅसकारची एक कमॅरो फ्रान्सच्या ल मॉ इथल्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली. रात्रभर पळायचं असल्यानं तिला खरेखुरे हेडलाइट बसवावे लागले.

डावीकडेच वळणारी गाडी घाटात नेली तर?

नॅसकारच्या बहुतेक ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडची. म्हणून गाडीचं वजन मुद्दाम डाव्या अंगाला जास्त ठेवतात, डाव्या-उजव्या चाकांचे कोन वेगळे ठेवतात. अशी गाडी सरळ रस्त्यावर सोडली तर ती आपोआप डावीकडे ओढ घेते. आपण चालतो रस्त्याच्या डाव्या अंगानं, म्हणजे ती थेट साइडपट्टीवर उतरणार. गडाच्या रस्त्यावर एक वळण डावं तर पुढचं उजवं. तेव्हा हे सामान रस्त्याच्या गाडीत घालणारा प्रत्येक शहाणा मिस्त्री आधी ही एकांगी मांडणी मोडतो आणि दोन्ही बाजू समान करतो.

घाट उतरताना खरा कस लागतो तो ब्रेक ऑइलचा. सतत पाय दाबून ठेवला की चकत्या तापतात, उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, ते उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचं पेडल स्पंजासारखं मऊ पडतं. नवं ‘डॉट-३’ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, ‘डॉट-४’ किमान २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. म्हणून शर्यतवाले ते वरचेवर बदलतात. आपणही दोन वर्षांतून एकदा बदलावं आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं. शर्यतीतून शिकण्यासारखी याहून स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

तसं पाहिलं तर शर्यतीतून आलेलं बरंच सामान आपल्या दारातल्या गाडीत आधीच आहे. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस शर्यतीत रे हॅरूननं मागचं बघायला सोबती बसवण्याऐवजी आरसा लावला आणि शर्यत जिंकली. डिस्क ब्रेकची ताकद जगाला १९५३ मध्ये पटली, जेव्हा जॅग्वार ते लावून ल मॉची शर्यत जिंकून गेली.

इचलकरंजीची मीरा ते देवराष्ट्र्याची जीप

आता मराठी हात. यांना दाद द्यायला आपण फार उशीर केला, असं मला मनापासून वाटतं.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये दोन माणसांची छोटी मोटार तयार केली. नाव ‘मीरा’. स्वस्त, हलकी आणि मध्यमवर्गाला परवडणारी गाडी हे त्यांचं ध्येय. एका नमुन्यावर ते थांबले नाहीत. पुढची जवळपास तीन दशकं ते नवे नमुने काढत राहिले. इंजिन मागे, सस्पेन्शनला रबराचा वापर. १९७५ च्या सुमारास तिची किंमत १२ हजारांच्या आसपास धरली होती. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, पण कारखान्यातून मोठ्या संख्येनं कधी बाहेर पडली नाही. ज्या देशात १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या, त्याच देशात त्याआधी चौतीस वर्षं कापडगिरण्यांच्या गावात एक माणूस हेच करत होता.

अलिबागजवळच्या कार्लेखिंडीतली चिंकारा मोटर्स ही आपल्या विषयाच्या अगदी जवळची. तिथली ‘रोडस्टर’ म्हणजे १९५७ च्या लोटस सेव्हनच्या घाटाची उघडी, ठेंगणी, दोन माणसांची गाडी. अंग फायबरचं. आणि इंजिन कुठलं? इसुझूचं १.८ लिटर, जे हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसिडरमध्ये बसायचं! साहेबांना बैठकीला नेणाऱ्या पांढऱ्या ॲम्बेसिडरचंच काळीज. फरक वजनाचा. जड ॲम्बेसिडरला जे इंजिन जेमतेम पुरायचं, तेच या हलक्या गाडीला उधळवायचं. मूळ लोटसवाल्या कॉलिन चॅपमनचं सूत्रही हेच होतं की ताकद वाढवण्याआधी वजन उतरवा.

गोव्यात वेर्णे इथे सॅन मोटर्सनं ‘स्टॉर्म’ नावाची छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स गाडी काढली होती. रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन आणि अंग पुन्हा फायबरचं. आपल्याकडे थोड्या संख्येनं गाडी बांधणारे सगळे फायबरकडे का वळतात? पत्र्याच्या दाबसाच्यांना लागणारा पैसा शेकडो गाड्या खपल्याशिवाय निघत नाही. फायबरला एक लाकडी-प्लास्टरचा साचा आणि चार कुशल हात पुरतात.

दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’नं २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ मांडली. इंजिन चालकाच्या पाठीमागे, तेही रेनॉचं, दोन लिटरचं टर्बो. त्याआधी २००४ च्या ‘टार्झन’ चित्रपटातली ती जांभळी गाडी याच कारागिरांनी टोयोटा एमआर-२ वर घडवली होती. मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांनी वहीच्या मागच्या पानावर तिची चित्रं काढली असतील.

शर्यतीच्या बाजूनं हाच उद्योग कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी केला. १९८८ मध्ये त्यांनी मारुती ८०० चं सामान घेऊन एकेरी बैठकीची शर्यतीची गाडी बनवली, ‘फॉर्म्युला मारुती’. घरोघरच्या गाडीतलं इंजिन असल्यानं खर्च आवाक्यात आला आणि शर्यत हा केवळ संस्थानिक-उद्योगपतींचा शौक राहिला नाही. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाड्या चालवायचा.

आणि देवराष्ट्रे. सांगली जिल्ह्यातलं हे गाव यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून माहीत आहे. २०२१ च्या डिसेंबरात ते दत्तात्रय लोहार यांच्या गाडीमुळे देशभर पोहोचलं. भंगारातले भाग जमवून, सुमारे ६० हजार रुपयांत, मुलाच्या हट्टाखातर त्यांनी जीपच्या आकाराची छोटी चारचाकी बांधली. ती सुरू होते मोटरसायकलसारखी किक मारून. तिचा व्हिडिओ बघताना माझी नजर बॉनेटवर नव्हती, त्या किकवर होती. चालक खाली वाकतो, पाय मारतो, धूर येतो आणि चार चाकं हलतात. दुचाकीचं यंत्र चारचाकीच्या पोटात बसवायचं, त्याचा जोर चाकांपर्यंत पोहोचवायचा, वजनाचा तोल सांभाळायचा, हे सगळं कागदावर न काढता, डोक्यात आणि हातात.

आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच एक रोखठोक गोष्ट सांगितली. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील. तेव्हा ती आम्हाला द्या आणि बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो देवराष्ट्र्यात पोहोचली. हा सौदा मला योग्य वाटतो. कारागिराचा मान राहिला, गाडी जपली गेली आणि ती रस्त्यावर कुणाच्या अंगावर जाण्याचा धोकाही टळला.

पासिंगचं गणित

कारण कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ रचनेहून वेगळा फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ आलं. परवानगीविना गाडी बदलणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचावा. रुंद टायर एक, सायलेन्सर दोन, कापलेलं छत तीन.

म्हणजे अमेरिकेतल्यासारखी शर्यतीच्या सामानाची जुनी गाडी आपल्याकडे बांधून नुसती नंबर घालून फिरवता येत नाही. नवी गाडी म्हणून विकायची तर पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून ब्रेकपासून धुरापर्यंत सगळ्या चाचण्या पास कराव्या लागतात. १९६६ पासून हे काम तिथे चालतं. परीक्षा खर्चिक आहे. थोड्या संख्येनं गाड्या बांधणाऱ्यांसाठी वेगळी, परवडणारी वाट सरकारनं काढावी, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नंबर देतात. आपल्याकडे ती सोय असती तर कदाचित देवराष्ट्र्याची गाडी सुधारून, तपासून, रस्त्यावरही आली असती.

डाव्या बाजूच्या स्टेअरिंगचं एक अपरिचित कलमही सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं मोडीत काढलेल्या जीप आपल्याकडे विकल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी डाव्या स्टेअरिंगच्या. अशी गाडी रस्त्यावर चालवायची तर कलम १२० नुसार तिला वळणाचा इशारा देणारं यांत्रिक किंवा विजेचं साधन चालू स्थितीत हवं. खिडकीतून हात काढून भागत नाही.

ज्यांना जुन्या गाडीची हौस आहे त्यांच्यासाठी मात्र दार उघडं आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद होते. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आपल्याकडे ‘एमएच व्हीए’. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि इंधन भरायला गाडी बाहेर काढता येते, रोजच्या कामाला किंवा भाड्याला नाही. आणि मुख्य अट अशी की चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे जो वडिलोपार्जित जीपमध्ये आज हौसेनं दुसरं इंजिन कोंबतो, तो उद्याची विंटेज नोंद स्वतःच्या हातानं घालवतो.

तेव्हा नांदेड, लातूर, यवतमाळकडच्या वाचकांना एक सांगणं. वाड्याच्या पडवीत, जिनिंगच्या शेडमध्ये किंवा शेतातल्या आखाड्यावर १९७५ च्या आधीची जीप, फियाट किंवा ॲम्बेसिडर ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. आधी आरसी बुक शोधा. मग चेसी नंबरावरची माती पुसा, पेन्सिलनं कागदावर त्याचा ठसा घ्या आणि बुकातल्या नंबराशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओत चौकशी करा. गाडी पूर्वी नोंदलेली असेल तर विंटेज नोंदीत तिचा मूळचा जुना नंबरच कायम राहतो.